हलक्या रायफलीची पहिली चाचणी : वजनाच्या आकड्यापलीकडे काय लिहावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या अर्धस्वयंचलित (दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप चढते अशा) रायफलीची ओळख करून देणाऱ्या लेखांत एक आकडा हमखास असतो, तो वजनाचा. 'अवघी अडीच किलो' हे मथळ्यातच येते, खाली १०० मीटरवरच्या तीन छिद्रांचे छायाचित्र असते आणि 'धक्का जवळजवळ जाणवतच नाही' असे एक वाक्य असते. नेमबाजी शिकवणारे आणि रायफली उघडून दुरुस्त करणारे म्हणून आम्हाला हे फार अपुरे वाटते. कमी झालेले वजन कुठल्या तरी भागातून काढलेले असते. ते नळीतून काढले की दस्त्यातून, की आत पुढेमागे होणाऱ्या भागांतून, हे कळल्याशिवाय ती रायफल कशी चालेल याचा अंदाज वाचकाला येत नाही. हे पत्र लांबले आहे, पण अशा लेखांच्या भरवशावर लोक निर्णय घेतात, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

वजनाचा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या, उघड्या रायफलीचा असतो. तशी रायफल कोणीच चालवत नाही. तिच्यावर दुर्बीण बसते (साधारण ६०० ग्रॅम), दुर्बिणीचा माउंट, म्हणजे तिला धरणारी बैठक, बसते (१८० ग्रॅमच्या आसपास) आणि ५.५६ मिलिमीटरच्या ३० काडतुसांनी भरलेले अॅल्युमिनियमचे मॅगझिन लागते. एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे, म्हणजे भरलेले मॅगझिन ४८० ग्रॅमच्या घरात गेले. अडीच किलोची रायफल हातात येते तेव्हा पावणेचार किलोची झालेली असते, पट्टा वेगळाच. शिवाय तोल कुठे पडतो तेही पाहावे लागते. नळी बारीक करून वजन घटवले आणि वर जड दुर्बीण चढवली की सगळा भार मागे आणि वर सरकतो. अशी रायफल खांद्याला पटकन लागते, पण उभ्याने नेम धरताना तिचे तोंड भिरभिरते. म्हणून लेखकाने दोन वजने द्यावीत, रिकाम्या रायफलीचे आणि चाचणीच्या वेळी जशी होती तशीचे. भरलेली रायफल बोटावर तोलली तर ती मॅगझिनच्या किती पुढे किंवा मागे तोलते, तेही लिहावे.

आता धक्का. इथे 'मला वाटले' यापेक्षा साधा हिशेब जास्त उपयोगी पडतो. ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९४० मीटर वेगाने निघते, तिच्यामागे सुमारे १.७ ग्रॅम दारूचा वायू त्याहून अधिक वेगाने बाहेर पडतो. दोन्हींचा संवेग मिळून साधारण ५.९ न्यूटन-सेकंद भरतो. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो. साडेतीन किलोच्या रायफलीत त्याची धक्क्याची ऊर्जा ५ ज्यूल होते, अडीच किलोच्या रायफलीत ७ ज्यूल. म्हणजे वजन २९ टक्क्यांनी घटले तर धक्का ४० टक्क्यांनी वाढला. ७ ज्यूल खांद्याला काहीच नाहीत हे खरे. पण ७.६२ × ५१ मिलिमीटरच्या काडतुसाला हाच हिशेब लावा : साडेचार किलोच्या रायफलीत सुमारे १५ ज्यूल, ३.२ किलोच्या रायफलीत २१. पन्नास गोळ्यांनंतर हा फरक डोळे मिटण्यात आणि चाप झटकण्यात दिसू लागतो.

लहान काडतुसाच्या रायफलीतही प्रश्न खांदा दुखण्याचा नसतोच. दुर्बिणीतून स्वतःची गोळी लक्ष्यावर लागताना दिसते का, की तोंड उसळून लक्ष्यच नजरेआड जाते, हे विचारायचे असते. दुसरी गोळी किती लवकर आणि कुठे जाईल ते त्यावर ठरते. अर्धस्वयंचलित रायफल घेण्यामागचा निम्मा हेतू तोच असतो. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावून उसळी बरीच आटोक्यात येते, हलक्या रायफलींवर तो म्हणूनच सर्रास दिसतो. मात्र तो वायू बाजूला आणि मागे वळवतो, आणि शेजारच्या नेमबाजाच्या कानावर त्याचा मारा होतो. ५.५६ च्या रायफलीचा आवाज तसाही १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोटक आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक लावलेल्या रायफलीची चाचणी कानात बोळे आणि वरून इअरमफ असे दोन्ही घालूनच करावी. 'धक्का नाही' असे लिहिताना 'ब्रेक लावला होता' हे तीन शब्द गाळू नयेत.

चापाविषयी लेखांत 'स्वच्छ तुटतो' एवढेच येते. हलक्या रायफलीत चापाचे वजन रायफलीच्या वजनाशी ताडून पाहायला हवे. लष्करी धाटणीचा चाप ओढायला तीन किलोच्या आसपास जोर लागतो. अडीच किलोच्या रायफलीवर तो लावला तर रायफलीच्या वजनापेक्षा चापावरचा जोर जास्त! बोट सरळ मागे न जाता किंचित बाजूला गेले तरी जड रायफल ते जडत्वाने पचवते, हलकी पचवत नाही. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या सतत डावीकडे जात असतील तर दुर्बिणीच्या खुंट्या (नेम सरकवणाऱ्या चकत्या) फिरवण्याआधी हे तपासावे. चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसते ती जागा) रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, रोख सुरक्षित दिशेला ठेवून, चाप कोरडाच दहा-बारा वेळा ओढा आणि तुटण्याच्या क्षणी दुर्बिणीतली रेघ हलते का ते पाहा. असे करताना काडतुसे त्या खोलीतसुद्धा नकोत.

नळीचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सगळ्यात जास्त वजन तिथूनच निघते. ५.५६ च्या पोलादी नळीचा बाहेरचा व्यास १९ मिलिमीटरवरून १६ वर आणला तर तिचे वजन साधारण तृतीयांशाने घटते. पण दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. याचे दोन परिणाम लगेच दिसतात. एक म्हणजे नळीला बाहेरून लागलेला जोर गोळीची जागा बदलतो. पुढची मूठ (नळीभोवतीचे हाताने धरायचे आवरण) नळीपासून सुटी नसेल तर पट्टा ताणला की गोळी एकीकडे, वाळूच्या पिशवीवर टेकवली की दुसरीकडे. बारीक नळीची रायफल टेकवताना पिशवी मुठीखाली, दर वेळी त्याच जागी ठेवावी आणि नळी कशालाच टेकू देऊ नये. दुसरा परिणाम उष्णतेचा. धातू कमी म्हणजे तेवढ्याच गोळ्यांत नळी जास्त तापते. घडणीतले ताण तिच्यात शिल्लक असतील तर तापल्यावर ती किंचित वाकते आणि छिद्रे एका दिशेने सरकू लागतात. पहिल्या तीन-चार गोळ्या एकत्र, पुढच्या वर चढत जाणाऱ्या, असे दिसले की नेमबाजाच्या आधी नळीवर संशय घ्यावा. कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळीत ताठरपणा टिकतो, पण आतली पोलादी नळी बारीकच असते आणि बाहेरून हात लावून ती किती तापली ते कळत नाही. नुसती बारीक पोलादी नळी लवकर निवते, हे मात्र तिच्या बाजूने सांगायला हवे.

म्हणूनच तीन छिद्रांच्या छायाचित्राला आमचा आक्षेप आहे. एकाच रायफलीने, एकाच काडतुसाने तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (लक्ष्यावरच्या छिद्रांचे पुंजके) आणि दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप घेतले तर दहाचा ग्रुप सरासरी दीडपटीहून थोडा मोठा येतो. रायफल तीच, गणितच तसे आहे. तीनचा सरासरी ग्रुप ३० मिलिमीटर असेल तर दहाचा ४७ च्या आसपास धरावा. आणि लेखात छापला जातो तो तीनच्या अनेक ग्रुपांतला सर्वांत देखणा. १०० मीटरवर एक मिनिट कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे २९ मिलिमीटर. 'एक मिनिटाची रायफल' असे म्हणताना किती गोळ्यांचा ग्रुप, हे सोबत आलेच पाहिजे. आमचा आग्रह असा की थंड नळीने दहा गोळ्या, प्रत्येक गोळीमध्ये अर्धा मिनिट थांबून. मग न थांबता वीस गोळ्या दुसऱ्याच लक्ष्यावर. आणि नळी गरम असतानाच पुन्हा पहिल्यासारख्या दहा. दहा-दहा गोळ्यांच्या या दोन्ही ग्रुपांचे मध्यबिंदू एकमेकांपासून किती दूर गेले, तो हलक्या नळीचा खरा आकडा. ग्रुपची रुंदी त्यानंतर.

काडतूसही नुसते '५.५६' लिहून भागत नाही. ३.६ ग्रॅम, ४ ग्रॅम आणि ५ ग्रॅम अशा निदान तीन वजनांच्या गोळ्या घ्याव्यात, आणि नळीतल्या पिळाची (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांच्या एका फेऱ्याची) लांबी लिहावी. ३०५ मिलिमीटरमध्ये एक फेरा असलेली जुनी नळी ३.६ ग्रॅमची गोळी नीट फिरवते, पण ५ ग्रॅमच्या लांब गोळीला २०३ मिलिमीटर किंवा त्याहून दाट पीळ लागतो. लक्ष्याच्या कागदावर गोल छिद्राऐवजी लांबट, आडवे छिद्र दिसले तर गोळी हवेत डगमगते आहे असे समजावे. त्या काडतुसावरून रायफलीला नावे ठेवू नयेत.

आता आतल्या यंत्राकडे येऊ. वायूवर चालणाऱ्या रायफलीत गोळी नळीतल्या छिद्रापुढे गेली की थोडा वायू मागे येतो, बोल्ट कॅरियरला ढकलतो, त्यातला बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) फिरून सुटतो, पुंगळी (काडतुसाचे रिकामे कवच) खेचून बाहेर फेकली जाते, हॅमर (गोळी पेटवण्यासाठी ठोका देणारा भाग) मागे बसतो, आणि स्प्रिंग सगळे परत पुढे ढकलताना मॅगझिनमधले पुढचे काडतूस चेंबरमध्ये नेते. सर्वपरिचित रचनेत बोल्टसह कॅरियर ३३० ग्रॅमच्या आसपास आणि त्यामागचा आखूड बफर (स्प्रिंगसोबत मागेपुढे जाणारे वजन) ८५ ग्रॅमचा असतो. वजन वाचवायला कॅरियर पोखरून २५० ग्रॅमवर आणला तर हलणारा ऐवज ४१५ वरून ३३५ ग्रॅमवर येतो आणि वायूचा झटका तोच राहिला तर वेग जवळपास पाव पटीने वाढतो. मग बोल्ट फार लवकर सुटतो, चेंबरमध्ये दाब शिल्लक असताना एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी खेचणारा आकडा) पुंगळीची कड ओढतो. कॅरियर इतक्या झपाट्याने परत येतो की मॅगझिनच्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर आणायला वेळ मिळत नाही. चेंबर रिकामे ठेवूनच बोल्ट बंद होतो, किंवा काडतुसाच्या मधोमध बोल्ट रुततो. नेमबाज म्हणतो मॅगझिन खराब, आणि नवे मॅगझिन आणूनही तेच होते.

उपाय म्हणून वायूचे प्रमाण कमी करण्याचा स्क्रू दिलेला असतो. तो कारखान्यातून आला तसाच ठेवून चाचणी करणे म्हणजे दुसऱ्याच कुणासाठी शिवलेला अंगरखा घालून मापाविषयी मत देणे. आधी वायू जवळजवळ बंद करावा. मॅगझिनमध्ये एकच काडतूस घालून झाडावे. बोल्ट मागे अडकून राहिला नाही तर स्क्रू एक टप्पा उघडावा, पुन्हा एकच काडतूस. सलग पाच वेळा बोल्ट मागे थांबला की त्यापुढे आणखी एक-दोन टप्पे उघडून ठेवावे. हे शेवटचे दोन टप्पे कंजूषपणे गाळले जातात आणि थंडीत, मळलेल्या रायफलीत किंवा कमजोर काडतुसावर ती अडखळते. हे सर्व त्यातल्या त्यात कमी जोराच्या काडतुसावर करावे. जोरदार काडतुसावर बसवलेला स्क्रू कमजोर काडतुसाला पुरत नाही.

पुंगळ्या गोळा करून पाहणे हा तर आमच्या मते चाचणीचा गाभा आहे आणि लेखांत तो कुठेच नसतो. उजवीकडे, किंचित मागे पडणाऱ्या पुंगळ्या साधारणपणे ठीक. पुढे उडणाऱ्या पुंगळ्या बहुधा वायू जास्त असल्याचे सांगतात, अगदी जवळ मागे ढेपाळणाऱ्या कमी असल्याचे. पण हा नुसता इशारा आहे, कारण फेकणाऱ्या स्प्रिंगवर आणि पुंगळी आपटते त्या कठड्यावरही ते अवलंबून असते. खात्री कडेवरून होते : कड वाकलेली किंवा फाटलेली असेल तर बोल्ट वेळेआधी सुटतो आहे. न झाडता बाहेर काढलेल्या काडतुसाच्या प्रायमरवर (बुडाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीवर) बारीकसा ठिपका दिसला तर घाबरू नये. फायरिंग पिन (प्रायमरवर आदळणारी सळई) सुटी असलेल्या रायफलींत बोल्ट बंद होताना ती हलकेच टेकते. खोल खड्डा दिसला तर मात्र चाचणी थांबवून पिन आणि तिची वाट तपासावी.

हलकी रायफल, तिचा वायू आणि काडतुसातली दारू यांचे नाते किती नाजूक असते याचा मोठा धडा १९६० च्या दशकातला आहे. अमेरिकी शस्त्ररचनाकार यूजीन स्टोनर यांच्या रचनेवरून आलेली अमेरिकी सैन्याची एम-१६ रायफल ही आधीच्या एम-१४ पेक्षा जवळजवळ किलोभर हलकी होती. काडतुसात मूळची दारू बदलून गोळीदाणा पद्धतीची दारू आली, तिने यंत्राचा वेग वाढला आणि मळही वाढला. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सुरुवातीला सफाईची साधने पुरेशी दिली गेली नव्हती. व्हिएतनाममध्ये पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीला त्याची चौकशी करावी लागली. रायफल तीच राहिली. जड बफर, चेंबरचा मुलामा आणि सफाई यांनी ती सुधारली. आजच्या अडीच किलोच्या रायफलीला ही गोष्ट जास्तच लागू पडते, कारण तिच्यात चुकीला जागा त्याहून कमी आहे.

विश्वासार्हतेविषयी एक स्पष्ट सांगतो. '६० गोळ्या झाडल्या, एकदाही अडकली नाही' यावरून फार काही सिद्ध होत नाही. ६० मध्ये शून्य अडथळे आले तरी खरे प्रमाण शंभरात पाचपर्यंत असू शकते, हे संख्याशास्त्राचे नेहमीचे गणित आहे. ते शंभरात एकच्या आत असल्याचे म्हणायला ३०० गोळ्या बिनअडथळ्याच्या लागतात. तेवढ्या झाडता आल्या नसतील तर नुसता आकडा लिहावा, 'अत्यंत भरवशाची' हे शब्द लिहू नयेत. प्रत्येक अडथळ्याची नोंद मात्र हवी : कितवी गोळी, कोणते मॅगझिन, कोणते काडतूस, बोल्ट कुठे थांबला. मॅगझिनवर रंगाने १, २, ३ असे आकडे टाकले की दोष मॅगझिनमागे फिरतो की रायफलीमागे, हे अर्ध्या तासात उमगते.

पहिल्या गोळीआधी नव्या नळीतले जपणुकीचे घट्ट तेल कोरड्या चिंधीने पूर्ण काढावे, चेंबरमधलेही. ते राहिले तर पहिल्या गोळ्या भरकटतात आणि दाबही वाढू शकतो. कॅरियरच्या घासणाऱ्या पट्ट्यांना मात्र हात सैल सोडून तेल द्यावे. नवे पृष्ठभाग एकमेकांना घासून बसायचे असतात. कॅरियरवरच्या वायूच्या चावीचे (वायू आत घेणाऱ्या नळकांडीचे) दोन स्क्रू जागीच ठोकून पक्के केलेले आहेत का ते पाहावे, सैल चावीतून वायू गळतो आणि बोल्ट अर्ध्यातून परततो. हलक्या रायफलीत थरथर जास्त, म्हणून दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू टॉर्क-पान्याने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत, कड्यांना साधारण २ न्यूटन-मीटर आणि माउंटच्या नटाला ७ च्या आसपास, निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल तर. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या भागावर रंगाची एक रेघ ओढावी. ५० गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर ग्रुप का पसरला याचे उत्तर तिथेच असते.

झिरोइंगची (दुर्बिणीचा नेम आणि गोळी लागण्याची जागा ठराविक अंतरावर जुळवण्याची) सुरुवात २५ मीटरवर करावी, पण तिथे गोळी नेमावर आणू नये. दुर्बीण नळीच्या ६५ मिलिमीटर वर असेल आणि १०० मीटरवर झिरो हवा असेल, तर ४ ग्रॅमची गोळी २५ मीटरवर नेमाच्या सुमारे ३५ मिलिमीटर खाली लागायला हवी. खुंटीचा पाव मिनिटाचा एक टप्पा गोळी १०० मीटरवर ७ मिलिमीटर सरकवतो, २५ वर दोनहून कमी. हे न समजल्याने वीस-वीस टप्पे उलट फिरवले जातात आणि काडतुसांची पेटी संपते.

शेवटी, रेंजवर जिथे हयगय चालतच नाही ते दोन प्रसंग. चाप ओढल्यावर नुसता 'टक्' झाला तर रोख लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबावे, मगच बोल्ट उघडावा. दारू उशिरा पेटू शकते. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला, धक्का पोचट वाटला, तर पुढची गोळी मुळीच झाडू नये, बोल्ट आपोआप बंद होऊन रायफल तयार दिसत असली तरी. मॅगझिन काढावे, चेंबर मोकळे करावे, बोल्ट उघडा ठेवून नळीत मागच्या बाजूने उजेड पाडून पाहावे. गोळी आत अडकली असेल तर बारीक नळी दुसऱ्या गोळीचा दाब सोसण्याची शक्यता जाड नळीपेक्षाही कमी असते. ती रायफल त्या दिवसापुरती बाजूला ठेवून कारागिराकडेच द्यावी.

आपले,
नेमबाजी प्रशिक्षण आणि रायफल दुरुस्तीच्या कामातले काही वाचक